बुद्ध्यंक: एका आकड्याचा प्रवास आणि आपल्यासाठी त्यातले धडे

पीएच.डी.च्या संशोधन प्रस्तावांत एक वाक्य हमखास असतं: ‘माहिती संकलनासाठी प्रमाणित बुद्धिमत्ता चाचणी वापरली जाईल.’ समितीसमोर प्रस्ताव मांडताना पहिला प्रश्न येतो, बुद्धिमत्तेची व्याख्या काय? त्याचं उत्तर बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. अडवतो तो दुसरा प्रश्न: ही चाचणी कोणी, कोणत्या मुलांसाठी, कोणत्या कामासाठी बनवली होती, आणि तुमचं काम तेच आहे का?

मी मूळची विज्ञान शाखेची. उपकरण वापरण्याआधी ते कॅलिब्रेट करायचं, ही सवय आमच्या अंगवळणी पडलेली असते. मानसशास्त्रातलं मापन वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की इथे हे काम जास्त अवघड आहे, कारण जे मोजायचं ते वेगळं काढून टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून इथे इतिहास वाचावा लागतो. गेल्या सव्वाशे वर्षांत बुद्धिमत्तेचा आकडा एका कामातून दुसऱ्या कामात जात राहिला, आणि नव्या कामाला तो चालतो का, हे तपासायचं अनेकदा राहून गेलं. त्याची किंमत माणसांना मोजावी लागली.

मोजलं भरपूर, पण कशाशी जुळेना

१८८४ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी एक प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स द्यायचे आणि दृष्टी, श्रवण, हाताच्या पकडीचा जोर अशी मापं करून घ्यायची. नऊ हजारांहून अधिक लोकांनी ती करून घेतली. गाल्टन यांचा तर्क साधा होता. बाहेरचं ज्ञान इंद्रियांवाटेच आत येतं, तेव्हा ज्याची इंद्रियं तल्लख त्याची बुद्धीही तल्लख असणार.

हाच धागा जेम्स मॅकीन कॅटेल यांनी अमेरिकेत नेला. १८९० सालच्या लेखात त्यांनी ‘मानसिक चाचणी’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांवर अशा चाचण्या सुरू केल्या. त्यांचेच विद्यार्थी क्लार्क विस्लर यांनी १९०१ साली या मापांची विद्यार्थ्यांच्या गुणांशी तुलना केली. त्यासाठी सहसंबंध गुणांक हे तेव्हा नवं असलेलं साधन वापरलं. निकाल जवळजवळ शून्य! प्रतिसादाचा वेग आणि परीक्षेतले गुण यांचा मेळ बसत नव्हता. निरनिराळ्या चाचण्यांचाही एकमेकींशी फारसा संबंध नव्हता. उलट, एका विषयातले गुण दुसऱ्या विषयातल्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधाने मार्गदर्शकाचा प्रकल्प थंड पडला.

पण गोष्ट इथे संपत नाही. विस्लर यांच्या नमुन्यातले सगळे जण कोलंबियात प्रवेश मिळालेले, म्हणजे आधीच चाळणीतून आलेले होते. नमुन्यातला पल्ला असा आखूड असला की सहसंबंध आपोआप खाली येतो. शिवाय प्रतिसादाचा वेग माणसामागे मोजक्याच वेळा मोजलेला होता, त्यामुळे त्या मापाची विश्वसनीयता कमी होती. पुढच्या काळातल्या अभ्यासांत प्रतिसादाचा वेग आणि बुद्धिमत्ता चाचणी यांच्यात मर्यादित पण स्पष्ट सहसंबंध दिसला आहे. तेव्हा ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिण्याआधी आपल्या मापात तो संबंध दिसण्याची ताकद होती का, हे पाहावं.

बिने यांचं काम आणि त्याच्या मर्यादा

पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनीही सुरुवातीला शाळकरी मुलांच्या डोक्यांची मापं घेतली. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांत सापडलेला फरक अगदीच थोडा होता. त्यातही मूल कोणत्या गटातलं हे मोजणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर मापही नकळत तिकडे झुकतं, हे त्यांना जाणवलं. त्यांनी तो मार्ग सोडला. दरम्यान आपल्या दोन मुलींची वर्षानुवर्षं बारकाईने निरीक्षणं करून त्यांनी १९०३ साली बुद्धीच्या प्रायोगिक अभ्यासावर पुस्तक प्रसिद्ध केलं. समज, निर्णय, कल्पना या गोष्टी मोजायच्या तर त्या लागतील अशीच कामं मुलांना द्यायला हवीत, या दिशेला ते आले होते.

फ्रान्समध्ये १८८२ सालच्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं. शाळेत सगळी मुलं येऊ लागली आणि काही वर्गासोबत चालू शकत नाहीत असं दिसू लागलं. अशा मुलांच्या शिक्षणाचा विचार करायला १९०४ साली सरकारने आयोग नेमला, त्यात बिने होते. मदतीची गरज कोणाला, हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडलं तर खोडकर मूलही मतिमंद ठरवलं जाईल, ही भीती होती. म्हणून तेओदोर सिमाँ यांच्यासोबत त्यांनी १९०५ साली तीस कामांची मालिका तयार केली. सुरुवात हलत्या पेटत्या काडीवर नजर ठेवण्यापासून, शेवट दोन अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत. १९०८ साली ही कामं तीन ते तेरा या वयांनुसार लावली. त्या त्या वयाच्या बहुतेक मुलांना जे जमतं ते त्या वयाचं काम. यातून मुलाची मानसिक पातळी निघायची.

बिने यांनी या पातळीवर स्वतःच बंधनं घातली होती. ही लांबीसारखी मोजपट्टी नव्हे, हा लावलेला क्रम आहे. मदत लागणारं मूल ओळखणं हे तिचं काम आहे. आणि आज खाली आलेलं मूल कायम खालीच राहील, असा अर्थ काढायचा नाही. मुलांचं लक्ष, स्मरण आणि इच्छाशक्ती यांना सराव देणाऱ्या व्यायामांचाही त्यांनी पुरस्कार केला. १९११ साली ते वारले आणि चाचणी दुसऱ्यांच्या हातात गेली.

एका भागाकाराने काय बदललं

१९१२ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी सुचवलं की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावं. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी भागाकाराला १०० ने गुणलं आणि बुद्ध्यंक हा आकडा घरोघरी पोचला. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय आठ, तर बुद्ध्यंक ८०.

विज्ञानवाल्यांनी इथे थोडं थांबावं. खनिजांची कठीणता सांगणारी मोहस् श्रेणी आठवा. हिरा १०, कुरुंद ९. म्हणून हिरा कुरुंदाच्या १०/९ पट कठीण आहे असं आपण म्हणत नाही. प्रत्यक्षात तो कित्येक पट कठीण आहे. श्रेणी फक्त कोण कोणाला ओरखडा काढतं एवढं सांगते. बिने यांची मालिका याच जातीची होती. अशा क्रमावर भागाकार केला की उत्तर नेमकं दिसतं, पण ती नेमकेपणाची जाणीव आपण बाहेरून घातलेली असते. शिवाय मानसिक वय वाढत्या वयाबरोबर चढत राहत नाही. पंचविशीतल्या आणि पन्नाशीतल्या माणसासाठी हा भागाकार निरर्थक होतो.

आकडा सुटसुटीत झाल्यामुळे तो नव्या कामांना लागला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड प्रशिक्षण शाळेत हेन्री गॉडर्ड यांनी बिने यांची चाचणी इंग्रजीत आणली. १९१३ साली त्यांचे सहकारी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांची चाचणी घेऊ लागले. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ज्यू, हंगेरियन, इटालियन, रशियन या प्रत्येक गटातले सुमारे ८० टक्के लोक ‘मंदबुद्धी’ ठरले. नमुना लहान आणि निवडक होता. आठवडाभराच्या प्रवासाने थकलेली, कधी पेन्सिलही न धरलेली माणसं दुभाष्यामार्फत उत्तरं देत होती. पॅरिसच्या वर्गात मदतीसाठी बनवलेली पट्टी आता बंदरावर लोकांना अडवायच्या चर्चेत होती.

साडेसतरा लाख सैनिक

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढाकाराने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची सामूहिक चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांना आल्फा, न येणाऱ्यांना चित्रांची बीटा. आल्फामध्ये अमेरिकन बाजारातल्या स्वयंपाकाच्या तुपाचा ब्रँड ओळखा, असा प्रश्न होता. बीटाच्या एका चित्रात टेनिस कोर्टावरचं जाळं गायब असायचं आणि काय कमी आहे ते दाखवायचं असायचं. टेनिस कधी पाहिलंच नसेल त्याने काय करावं?

निष्कर्ष असा की गोऱ्या सैनिकांचं सरासरी मानसिक वय १३ च्या आसपास आहे. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली यावर लेखमाला लिहिली. सरासरी प्रौढ माणूस सरासरी प्रौढाहून कमी बुद्धीचा कसा असेल, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. गडबड तुलनेच्या आधारात होती. प्रौढांसाठी धरलेली पातळी लहानशा, वेगळ्या नमुन्यावरून आलेली होती.

संशोधकांनी सगळ्यात काळजीपूर्वक वाचावा तो कार्ल ब्रिगम यांचा १९२३ सालचा ग्रंथ. त्यांना याच माहितीत दिसलं की स्थलांतरित जितकी जास्त वर्षं अमेरिकेत राहिले तितके त्यांचे गुण जास्त. वीस वर्षं राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला येत होते. सरळ अर्थ काय निघतो? भाषा आणि सवयी अंगवळणी पडल्या की गुण वाढतात. ब्रिगम यांनी मात्र काढलेला अर्थ असा: अलीकडे येणारे लोक अधिकाधिक कमी बुद्धीचे आहेत. १९२४ साली अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या कायद्याने घटवली. त्या कायद्यामागे इतर राजकीय कारणं पुष्कळ होती, पण अशा पुस्तकांनी त्या मतांना शास्त्राचा पोशाख मिळाला. १९३० साली ब्रिगम यांनी स्वतःच आपला आधीचा अभ्यास पायाशुद्ध नव्हता असं जाहीर लिहिलं. तोवर कायदा होऊन सहा वर्षं झाली होती.

त्याच काळात, १९२७ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला व्हर्जिनिया राज्याला परवानगी दिली. चाचणीप्रमाणे तिचं मानसिक वय नऊ होतं, आणि पुराव्यात तो आकडा होता. तिची मुलगीही सदोष आहे, असं न्यायालयात सांगितलं गेलं होतं. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजाराने गेली.

पण बुद्धिमत्ता म्हणजे काय?

आता व्याख्येकडे येऊ. १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवलं की वेगवेगळ्या विषयांतले आणि चाचण्यांतले गुण एकमेकांशी धन सहसंबंध दाखवतात. एकात पुढे असणारा साधारणपणे दुसऱ्यातही पुढे. यामागे एक सामान्य घटक असावा, त्याला त्यांनी ‘जी’ हे नाव दिलं. हा धन सहसंबंध नंतरच्या शतकभरात पुन्हापुन्हा आढळला आहे, मानसशास्त्रातल्या भक्कम निष्कर्षांपैकी तो एक आहे. मात्र १९१६ साली गॉडफ्री थॉमसन यांनी कृत्रिम आकडे तयार करून दाखवलं की अनेक लहान, स्वतंत्र क्षमता वेगवेगळ्या चाचण्यांत मिसळून वापरल्या गेल्या तरी असाच आकृतिबंध दिसतो. १९३८ साली लुईस थर्स्टन यांनी घटक विश्लेषण वेगळ्या रीतीने करून सात प्राथमिक क्षमता मांडल्या. म्हणजे निरीक्षण तेच, स्पष्टीकरणं अनेक. घटक विश्लेषणातून घटक निघाला म्हणजे मेंदूत तशी एक वस्तू सापडली, असं होत नाही.

१९२१ साली एका शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकाने नामवंत संशोधकांना विचारलं, बुद्धिमत्ता म्हणजे तुम्ही काय समजता? चौदा जणांची उत्तरं आली आणि ती एकमेकांशी जुळेनात. १९२३ साली एडविन बोरिंग यांनी तोडगा सुचवला: बुद्धिमत्ता चाचण्या जे मोजतात त्यालाच तूर्त बुद्धिमत्ता म्हणू. याला आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. वाक्य ऐकायला उडवाउडवीचं वाटतं, पण त्यात एक शिस्त आहे. निष्कर्ष चाचणीच्या कक्षेतच ठेवावे लागतात. ब्रिगम यांनी नेमकं हेच केलं नव्हतं.

शंभर म्हणजे कोणाचे शंभर?

न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातले डेव्हिड वेक्सलर यांच्यापुढे प्रौढ रुग्ण असायचे. १९३९ साली त्यांनी भागाकार सोडून दिला. तुमच्या वयोगटातल्या नमुन्याची सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन १५ ठेवायचं, आणि त्या वितरणात तुम्ही कुठे आहात ते सांगायचं. आज आपण बुद्ध्यंक म्हणतो तो हाच. नाव जुनं राहिलं, गणित पूर्ण बदललं. आता ७० म्हणजे सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली, म्हणजे प्रसामान्य वितरणात साधारण २.३ टक्के लोक त्याखाली.

पण हा नमुना कोणत्या सालचा? न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली दाखवलं की विसाव्या शतकात अनेक देशांत चाचणीचे गुण दशकामागे साधारण तीन अंकांनी वाढत होते. नेदरलँडमधल्या सक्तीच्या भरतीतल्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीस अंकांनी वाढले. एका पिढीत जनुकं एवढी बदलत नाहीत. शाळा, आहार, लहान कुटुंबं, अमूर्त विचाराची सवय अशी कारणं पुढे आली आणि त्यावर वाद चालू आहे. आपल्या कामाचा भाग एवढा: जिथे गुण असे चढत असतात तिथे जुन्या मानकांवर मोजलेलं मूल असतं त्यापेक्षा वर दिसतं.

धारवाड आणि नागपूर

हे सगळं आपल्याकडे कसं पोचलं? लाहोरमध्ये हर्बर्ट राइस यांनी बिने यांची चाचणी हिंदुस्थानीत आणली, त्यांचं पुस्तक १९२९ साली निघालं. मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. १९३४ साली त्यांचा शोधनिबंध आला, १९४० साली पुस्तक. ‘बिने-कामत चाचणी’ ती हीच.

असं रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे. बिने यांच्या मालिकेत महिन्यांची नावं क्रमाने सांगायची असतात. मराठी मुलाने चैत्र, वैशाख म्हटलं तर? वीसपासून उलटे आकडे मोजायचे असतात. ‘एकोणीस’ या शब्दातच ‘विसाला एक कमी’ हा हिशेब आहे. एका भाषेतलं आठ वर्षांचं काम दुसऱ्या भाषेत आठचंच राहील याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक काम त्या भाषेतल्या मुलांवर घेऊन कोणत्या वयाला जमतं ते नव्याने ठरवावं लागतं. कामत यांच्या कामाचं मोल इथे आहे.

पुढे नागपुरात आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ साली आणलं. त्यांनीच व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीचं रूपांतरही केलं. हो, गॉडर्ड यांचंच व्हाइनलँड. तिथेच एडगर डॉल यांनी १९३५ साली ही श्रेणी बनवली. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, एकटं दुकानात जाऊन येतं का, असं ती विचारते. एकाच संस्थेतून माणसांना अडवणारा आकडाही निघाला आणि त्या आकड्याला पूरक ठरणारी ही श्रेणीही.

आपल्या देशात बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देताना ही साधनं आजही वापरात आहेत. २०१६ सालच्या कायद्यात ४० टक्के दिव्यांगत्व ही अनेक सवलतींची रेषा आहे. कामत यांच्या मानकांना कित्येक दशकं झाली. फ्लिन यांचा मुद्दा इथे लावून पाहा. जुन्या मानकांमुळे एखाद्या मुलाचा आकडा फुगला, तर गरज असूनही ते रेषेबाहेर राहू शकतं. ज्या मुलासाठी बिने यांनी हा खटाटोप केला, नेमकं तेच.

सत्तर आणि एकाहत्तर

अमेरिकेत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला फाशी देण्यावर २००२ पासून बंदी आहे. फ्लोरिडा राज्याने रेषा ७० वर आखली होती आणि फ्रेडी ली हॉल या कैद्याचा आकडा होता ७१. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मापनातली त्रुटी न धरता अशी कडक रेषा ओढता येणार नाही.

गणित करून बघा. मापनाची प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. विश्वसनीयता ०.९६ धरली, म्हणजे उत्तमच, तरी १५ × ०.२ = ३. ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ६ अंक वर, ६ अंक खाली. ७१ म्हणजे साधारण ६५ ते ७७. कॅरी बकच्या वेळी याच न्यायालयाने आकड्याला शंकाच विचारली नव्हती. ८७ वर्षांनी त्याने ती विचारली आणि एका माणसाचा जीव त्यावर अवलंबून होता.

प्रस्ताव लिहिताना

‘ही चाचणी वैध आहे’ हे वाक्य अपुरं आहे. वैधता चाचणीला चिकटलेली नसते. ठरावीक गटावर, ठरावीक कामासाठी काढलेल्या निष्कर्षाची ती असते. म्हणून साधनांच्या प्रकरणात एवढं तरी लिहा:

१. चाचणी मुळात कोणत्या कामासाठी बनली आणि तुमचं काम त्याहून कुठे वेगळं आहे.

२. मानकं कोणत्या साली, कोणत्या भाषेच्या आणि कोणत्या वस्तीतल्या मुलांवर काढली. तुमचा नमुना आदिवासी आश्रमशाळेतला असेल तर हा मुद्दा आधी घ्या.

३. तुमच्याच नमुन्यावर विश्वसनीयता किती आली. मॅन्युअलमधला आकडा उतरवू नका.

४. गुणांसोबत त्रुटीचा पट्टा, आणि नमुन्याचा पल्ला आखूड असेल तर तसा उल्लेख.

५. गटांत फरक आला तर त्याची किमान दोन पर्यायी स्पष्टीकरणं, आणि ती तुमच्या माहितीवरून वेगळी करता येतात का.

पाचवा मुद्दा लिहायला जड जातो, कारण आपलं आवडतं स्पष्टीकरण तिथे एकटं राहत नाही. ब्रिगम यांच्याकडे वास्तव्याच्या वर्षांचा तक्ता होता. दुसरा अर्थ त्याच तक्त्यात होता आणि तो वाचायला नवीन माहिती लागत नव्हती. तुमच्या तक्त्यांकडेही प्रबंध बांधायला देण्याआधी एकदा तसं पाहा.